वेठ, वही आणि जिनिव्हा

१९८२ साली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी लालबागच्या एका चाळीत राहणारा शाळकरी मुलगा होतो. वडील संपावर होते. आजोबा त्याआधीच गिरणीतून निवृत्त झालेले. सकाळी गॅलरीत बसून ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि अर्धा मजला ऐके. त्या दिवसांत एक वाक्प्रचार छापील मजकुरात वारंवार येई : अमक्यांनी शहराला 'वेठीस धरले'. कधी गिरणी कामगार, कधी बसवाले, कधी इस्पितळांतले कर्मचारी. तो शब्द आला की आजोबा वाचायचे थांबत. एकदा एवढेच म्हणाले, ''वेठ काय असते ते यांनी बघितलेले नाही.''

त्यांनी बघितली होती. खेड तालुक्यातल्या खोती गावात त्यांचे लहानपण गेले. पेरणीच्या दिवसांत स्वतःचे शेत बाजूला ठेवून आधी खोताच्या शेतात नांगर धरायचा. बैल आपले, भाकरी आपली, चिखल खोताचा. मजुरी मागायची नसते, कारण ती मजुरी नव्हेच, ती वेठ. सोळाव्या वर्षी ते बोटीने मुंबईला आले ते पोटासाठी, पण वेठ चुकवण्यासाठीही.

मी पेशाने संशोधक नाही. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात माझी उमेद गेली आणि शब्द कुठून आला हे बघण्याची खोड तिथे लागली. सुटीच्या दिवशी दादरच्या ग्रंथसंग्रहालयात बसून मी 'वेठ' या शब्दाचा माग काढू लागलो. माणसाकडून सक्तीने काम करून घेणे आणि माणसाची खरेदी-विक्री करणे या दोन गोष्टी थांबवण्यासाठी विसाव्या शतकात जगातली राष्ट्रे एकत्र आली, करार झाले, परिषदा भरल्या. त्या कागदांचा गिरगाव ते परळ या दोन-तीन मैलांच्या पट्ट्याशी, आणि तिथे येणाऱ्या माणसांच्या गावांशी काय संबंध होता, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर शोधताना मला पुन्हा पुन्हा एक वस्तू भेटली : हिशेबाची वही.

२

सुरुवात परळपासून नव्हे, गिरगावाच्या पलीकडच्या अंगापासून करावी लागते. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. युरोप आणि मुंबई यांतले अंतर घटले आणि मालाबरोबर माणसेही सहज येऊ लागली. पूर्व युरोपातून आणलेल्या बायकांची वस्ती कामाठीपुऱ्याजवळच्या कर्सेटजी सुखलाजी स्ट्रीटवर झाली. लोक तिला 'सफेद गल्ली' म्हणत. पोलीस या बायकांची यादी ठेवत आणि त्यांच्या परदेशी दलालांना १८६४ च्या परकीयांसंबंधीच्या कायद्याखाली हद्दपार करत.

याच बायका युरोपच्या चिंतेचा विषय होत्या. १९०४ साली पॅरिसमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, १९१० मध्ये दुसरा. दोन्ही करारांच्या नावातच 'गोऱ्या गुलामांचा व्यापार' असे शब्द होते. करारांचा गाभा असा की राष्ट्रांनी बंदरांवर आणि स्थानकांवर लक्ष ठेवावे, एकमेकांना माहिती द्यावी, फसवून आणलेल्या स्त्रीला मायदेशी परत पाठवावे. पण 'मायदेशी पाठवावे' या कलमाचा उपयोग व्हायला आधी सीमा ओलांडलेली असावी लागते. सातारा-कोल्हापूरकडून किंवा कोकणातून मुंबईत आणून विकलेल्या मुलीने ओलांडलेली असे ती फार तर गावाची शीव.

अशाच एका स्त्रीचे नाव न्यायालयाच्या कागदांत शिल्लक राहिले आहे. आकुताई. १९१७ साली डंकन रोडवरच्या, म्हणजे आजच्या मौलाना आझाद रोडवरच्या, एका कुंटणखान्यात तिचा छळ करून खून झाला. तिथून पळून जाण्याचा प्रयत्न केला हा तिचा अपराध. चालक पकडले गेले, खटला उभा राहिला, आणि त्याच घरातल्या इतर बायकांनी साक्षी दिल्या. अश्विनी तांबे यांनी वसाहतकालीन मुंबईवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाचा तपशीलवार अभ्यास केला आहे. त्यातून दिसते ते असे : बाहेर पडायची मुभा नाही, कमाई चालकाच्या हाती, आणि डोक्यावर कर्ज. कर्ज कधी फिटणार, हे ठरवणारी वहीही चालकाकडेच.

सफेद गल्लीपासून डंकन रोड हाकेच्या अंतरावर. एका रस्त्यावरच्या बायकांसाठी पॅरिसमध्ये करार झालेला होता. दुसऱ्या रस्त्यावरच्या बाईसाठी जे काही झाले ते ती मेल्यावर.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि पारतंत्र्यातला हिंदुस्थान त्याचा सभासद झाला. १९२१ मध्ये जिनिव्हात नवा करार झाला. त्याच्या नावातून 'गोऱ्या' हा शब्द गेला आणि 'स्त्रिया व मुले' असे व्यापक शब्द आले. एकवीस वर्षांखालील मुलीला तिच्या संमतीनेही या धंद्यात लोटणे गुन्हा ठरले. हिंदुस्थान सरकारने करार स्वीकारला, पण एक अट घालून : आमच्याकडे एकवीसऐवजी सोळा हे वय धरण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जगाने केलेला नियम मुंबईच्या बंदरात उतरायच्या आधीच गळून पडला.

तरीही करार अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही. आकुताईच्या खुनाने उठलेला क्षोभ आणि बाहेरून येणारा दबाव, दोन्हींच्या रेट्याने १९२३ साली मुंबई प्रांतात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. राष्ट्रसंघाने १९३० ते १९३२ या काळात तीन सदस्यांचे एक मंडळ पूर्वेकडच्या देशांत पाहणीसाठी पाठवले. एक अमेरिकन, एक पोलिश मुत्सद्दी आणि स्वीडनच्या डॉक्टर आल्मा सुंडक्विस्ट. हे मंडळ मुंबईतही येऊन गेले. पूर्वेकडच्या या व्यापारात सर्वांत मोठी संख्या आशियाई स्त्रियांचीच आहे, हे त्यांच्या अहवालाने स्पष्ट सांगितले. मात्र त्यांना नेमून दिलेले काम होते आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या चौकशीचे. देशातल्या देशात चाललेली विक्री त्या मोजपट्टीत बसत नव्हती. आकुताई जिवंत असती, तरी त्या अहवालाच्या आकड्यांत ती आली नसती.

३

आता परळकडे येऊ. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतले ८४ टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते आणि गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. म्हणजे परळ-लालबागच्या चाळी ही एका अर्थाने खोतांच्या कुळांचीच वसाहत.

या वस्तीत नारायण मल्हार जोशी काम करत होते. ते मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. परळचा दामोदर हॉल, जिथे पुढे आपल्यातल्या अनेकांनी नाटके पाहिली, तो याच संस्थेचा. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवले. पण या परिषदेच्या घटनेत एक कलम होते : कामगारांचा प्रतिनिधी सरकारने त्या देशातल्या प्रमुख कामगार संघटनांच्या संमतीने निवडावा. देशव्यापी संघटना तर अस्तित्वातच नव्हती. मग ती उभारण्याची खटपट सुरू झाली आणि ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष, माझगावचे जोसेफ बाप्टिस्टा उपाध्यक्ष. जिनिव्हाच्या कागदाने इथल्या कामगाराला मजुरी वाढवून दिली नाही, पण संघटना बांधायला निमित्त दिले. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा हा फायदा मला सर्वांत खरा वाटतो.

त्याच दामोदर हॉलमध्ये १९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली सभा झाली, तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मली आणि तिचे कार्यालयही तिथेच थाटले गेले. आंबेडकरांपुढे वेठीचे जे रूप होते त्याला इनामाचा मुलामा होता. महार वतनाची थोडीशी जमीन आणि बलुते, याच्या बदल्यात सरकारची आणि गावाची कामे, दिवसा-रात्री, बोलावणे येईल तेव्हा. घरचा कर्ता नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. विरोध इतका झाला की अखेर ते मागे घ्यावे लागले. हे अशक्य होते असे मात्र नव्हे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ ते १९२० या काळात महार वतने आणि वेठ आपल्या हुकमांनी बंद केली होती. त्यासाठी ते जिनिव्हाच्या ठरावाची वाट पाहत बसले नव्हते.

जिनिव्हाचा ठराव आला १९३० मध्ये. त्याआधी १९२६ साली राष्ट्रसंघाने गुलामगिरीविरोधी करार केला होता. हिंदुस्थानने तोही स्वीकारताना संस्थानांचा मुलूख त्याच्या महत्त्वाच्या कलमांतून वगळून घेतला होता. गुलामगिरी म्हणजे माणसावर मालकी हक्क चालवणे, अशी त्या कराराची व्याख्या होती. खोत कुळाचा मालक नव्हता, सावकारही ऋणकोचा मालक नव्हता. त्यांच्याकडे फक्त वही होती.

२८ जून १९३० रोजी आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने सक्तीच्या मजुरीसंबंधी करार मंजूर केला. त्याचा अनुक्रमांक २९. त्याने केलेली व्याख्या साधी आणि भक्कम आहे : शिक्षेचा धाक घालून घेतलेले आणि माणसाने आपखुशीने न स्वीकारलेले कोणतेही काम म्हणजे सक्तीची मजुरी. पण पाठोपाठ पाच अपवाद येतात. लष्करी सेवा, नागरिकाची नेहमीची कर्तव्ये, कैद्यांचे काम, आपत्तीतले काम, आणि पाचवा अपवाद गावाच्या हितासाठी गावकऱ्यांनी करायच्या किरकोळ कामांचा. त्या कामांच्या गरजेबाबत गावकऱ्यांचा किंवा त्यांच्या प्रतिनिधींचा सल्ला घ्यावा, अशी अट आहे. आता हे वाक्य महारवाड्यात उभे राहून वाचावे. गावाचे काम कोणते, हे कोण ठरवत होते? आणि गावकरी म्हणून सल्ला कोणाचा घेतला जात होता? ब्रिटिश हिंदुस्थानने हा करार स्वीकारलाच नाही. स्वीकारला असता तरी पाचव्या दाराने वेठ आत आली असती.

४

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकण आणि घाटावरच्या जिल्ह्यांतून हजारो शेतकरी मुंबईत आले आणि विधानसभेवर मोर्चा गेला. त्या मोर्चाच्या पुढाऱ्यांत शामराव परुळेकर होते. भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने विधानसभेत गेलेले. त्याच वर्षी, १९३८ मध्ये, हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते जिनिव्हाच्या परिषदेला गेले.

मला हा तपशील सापडला तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसता बसलो. एकाच वर्षी खोतांच्या कुळांबरोबर मुंबईत चाललेला आणि जिनिव्हाच्या सभागृहात बसलेला हा माणूस. आणि सात वर्षांनी तो कुठे दिसतो? ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या पाड्यांवर, गोदावरी परुळेकरांसह.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगावकडचे काही वारली आले होते. त्यांनी सांगितलेल्या हकिकती ऐकून परुळेकर दांपत्य त्या भागात गेले. तिथे वेठ होती आणि तिच्या जोडीला 'लग्नगडी' होता. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचलायचे आणि त्याच्या बदल्यात नवरा-बायकोने त्याच्या घरी राबायचे, कर्ज फिटेपर्यंत. कर्ज फिटत नसे, कारण ऋणकोला वाचता येत नसे आणि वही सावकाराच्या पेटीत असे. गड्याच्या बायकोवरही मालक आपला हक्क समजे. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे.

इथे माझ्या शोधातल्या दोन वाटा एकत्र आल्या. डंकन रोडवरची आकुताई आणि डहाणू-उंबरगावची लग्नगड्याची बायको. जिनिव्हाच्या कपाटात त्यांच्या फायली वेगळ्या. एकीची स्त्रियांच्या व्यापाराची, दुसरीची सक्तीच्या मजुरीची. जगण्यात मात्र दोघींना बांधणारी दोरी एकच होती : न फिटणारे, न दिसणारे कर्ज.

२३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची सभा झाली. सुमारे पाच हजार माणसे होती. वेठ करायची नाही, लग्नगडी मोकळे करायचे, दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकायचे नाही, असे ठरले. कुठलाही सरकारी हुकूम नव्हता. लोक पाड्यापाड्याला जाऊन लग्नगड्यांना सोडवून आणू लागले. ऑक्टोबरात तलवाड्याजवळ पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगडसह पाच आदिवासी मारले गेले. वेठ मात्र परत आली नाही.

जिनिव्हाच्या ठरावात पाच अपवाद होते. झरीच्या ठरावात एकही नव्हता.

५

स्वातंत्र्यानंतर कागद आणि माणसे जरा जवळ आली. राज्यघटनेच्या २३ व्या कलमात माणसांचा व्यापार आणि सक्तीची मजुरी या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मना केल्या आहेत. त्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात 'बेगार' हा आपला शब्द जसाच्या तसा ठेवला आहे, कारण त्याला इंग्रजी प्रतिशब्द पुरा पडत नव्हता. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी देवदासी प्रथेचा उल्लेख स्पष्टपणे करावा अशी दुरुस्ती मांडली. ती नामंजूर झाली. मुंबई प्रांतात १९३४ पासून देवदासी संरक्षण कायदा होता, तरी मुलींचे येणे थांबले नव्हते, हे शहांना ठाऊक असणार.

मग एकेक कागद पुरा होत गेला. १९४९ मध्ये मुंबईत खोती नष्ट करण्याचा कायदा. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा मानवी व्यापाराविरुद्धचा करार, ज्यात प्रथमच सीमा ओलांडण्याची अट राहिली नाही. भारताने त्यावर १९५० साली सही केली आणि त्यासाठी १९५६ चा कायदा केला. १९३० चा २९ क्रमांकाचा करार भारताने १९५४ मध्ये स्वीकारला. १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा आला, आंबेडकरांच्या विधेयकानंतर तीस वर्षांनी. आणि कर्जापोटी राबवून घेणे ही गुलामगिरीसारखीच प्रथा आहे, असे नाव घेऊन सांगणारा आंतरराष्ट्रीय करार झाला १९५६ साली. झरीच्या सभेनंतर अकरा वर्षांनी. आपल्याकडे वेठबिगार निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा व्हायला १९७६ उजाडले.

या साऱ्यातून मी काढलेला निष्कर्ष असा : राष्ट्रांनी सीमेवर पहारा ठेवला, आणि तो हवाच होता. पण माणूस बांधला जातो तो बहुतेक वेळा सीमेच्या आत, वहीच्या पानावर. ते पान उघडून दाखवणारी माणसे जिनिव्हाची नव्हती, ती डंकन रोडच्या साक्षीदार बायका होत्या, परळचे कार्यकर्ते होते, झरीचे वारली होते. त्यांनी आधी दाखवले, करारांनी मागाहून लिहून घेतले. लिहून घेण्याचे मोल मी कमी लेखत नाही. लिहिलेले असते म्हणूनच पुढच्या माणसाला त्यावर बोट ठेवता येते.

असे बोट १९८२ साली ठेवले गेले. दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ सप्टेंबर १९८२ रोजी न्या. भगवती यांनी निकाल दिला : भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे, आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करावे लागणे म्हणजे २३ व्या कलमाने मना केलेली वेठच. त्या दिवशी लालबागच्या संपाला आठ महिने पुरे झाले होते. वर्तमानपत्रांत कामगारांनी शहराला वेठीस धरल्याचे आम्ही वाचतच होतो.

आज त्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या पायथ्याशी परगावचे मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. आपण त्यांना 'बिगारी' म्हणतो, शब्दाकडे न बघता. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीवर जाणारी कुटुंबे हंगामाआधी मुकादमाकडून पैसे घेतात, त्याला 'उचल' म्हणतात. दर उचल म्हणजे वेठ नव्हे. पण उचल फिटली की नाही हे कोण सांगते, आणि ती फिटेपर्यंत माणसाला उठून जाता येते की नाही, हे दोन प्रश्न विचारले की बहुधा खरे काय ते कळते.

संपाच्या त्या वर्षी आमच्या घरीही वही होती, वाण्याची. तांदूळ, गोडेतेल, साखर उधारीवर येई. आजोबांनी उधारीला कधी ना म्हटले नाही. त्यांची अट एकच होती. सामान घेऊन आलो की मला समोर उभे करत आणि विचारत, ''वहीत काय लिहिले ते वाचून आलास ना?'' एखादे दिवशी विसरलो तर पिशवी तिथेच ठेवून मला पुन्हा खाली पाठवत.